उतऱ्यापुढचा चढ

म्हशीने अखेर मान टाकली ती घराच्या फाटकात, तीही वर फुलं उमलली का ते पाहून डोंगरावरून सुखरूप परत आल्यावर. म्हैस म्हणजे अण्णांची गाडी. काळी, रुंद, हट्टी आणि मनात आलं की वाटेत बसून घेणारी, म्हणून थोरल्याने लहानपणी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि ते तिला इतकं शोभलं की कागदांवरचं खरं नाव घरात कुणालाच आठवेना. मिस्त्री तिच्याखाली आडवा झाला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "अण्णा, सांगाडाच कुजलाय. जोडकाम करून देतो, बाजारातून भाजी आणायला चालेल. पण पुन्हा वर नेलीत, तर अर्धी गाडी वर पोचेल आणि उरलेली शोधायला तुम्हाला खाली यावं लागेल."

त्या दिवसापासून घरात दोन तट पडले. एका बाजूला एकटी थोरली सून. दुसऱ्या बाजूला धाकटा दीर आणि सासूबाई, म्हणजे माई. थोरला बोटीवर इंजिनियर, तो समुद्रातून फोनवर दोन्ही बाजूंना "बरोबर आहे तुझं" म्हणत होता, त्यामुळे त्याचं मत कुणी धरतच नव्हतं. आणि अण्णा गप्प होते. खरी काळजी तीच होती, कारण मधपेट्या अण्णांच्या आणि शेवटचा शब्दही अण्णांचाच.

"वहिनी, जरा समजून घ्या," धाकटा म्हणे. त्याचं औषधाचं दुकान होतं आणि तो सगळं समजावून, दिवसातून तीन वेळा सांगायचा. "एक लहानसा पिकअप घेऊ. खाली सपाटीवर सूर्यफुलाची शेतं आहेत, डांबरी रस्ता थेट बांधापर्यंत जातो. पेट्या ठेवायच्या, संध्याकाळी घरी यायचं. मधमाशीला काय कळतंय, फूल डोंगरावरचं की सपाटीवरचं?"

"तिला कळतं, भाऊजी. ती काही चिठ्ठी वाचून माल घेत नाही."

"आता माझे पाय चालत नाहीत गं," माई म्हणत आणि इतक्या झपझप आत निघून जात की थोरलीला त्यांच्या पायांविषयी बोलण्याची सोयच राहत नसे.

थोरलीला पठार हवं होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरकही कळत नव्हता. अण्णांनी तिला धुराडं धरायला शिकवलं, राणीमाशी ओळखायला शिकवलं, आणि गुडघे गेल्यावर म्हशीचं चाकही तिच्याच हातात दिलं. धाकट्याला उंचावर भोवळ येते आणि थोरला पाण्यावर, मग उरलं कोण? वर्षातून एकदा वर निळ्या फुलांचा बहर येतो. तो थोडेच दिवस टिकतो. त्यासाठी पेट्या वर न्यायच्या, हे या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. यंदा फुलं उमलू लागली होती, पेट्या अंगणात तयार होत्या, आणि गाडी नव्हती. अण्णांनी या आठवड्यात "बास झालं" म्हटलं की पठार कायमचं सुटणार, हे तिला दिसत होतं. एकदा खाली आलेल्या पेट्या पुन्हा कुणी वर नेणार नव्हतं.

म्हणून तिने, गाडी विकायला काढलेल्या दातांच्या डॉक्टरांना ती घेऊन बोलावलं.

*

डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा धाकट्यानेही मान वर केली. वापरलेली गाडी म्हणून सांगितलेली, पण अंगावर ओरखडा नाही. उंच, करड्या रंगाची, चारही चाकांना जोर जाणारी. डॉक्टर मात्र तिच्यातून असे उतरले की जणू दुसऱ्याच्या घोड्यावरून उतरतायत. नीटस, हळू बोलणारे गृहस्थ. मित्राच्या नादाने गाडी घेतली आणि घेतल्यापासून घर ते दवाखाना एवढंच चालवली, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"मग विकताय का?" अण्णांनी विचारलं.

"दवाखान्यासमोर लावली की रोग्यांना दार दिसत नाही. दोघंतिघं तर शेजारच्या शिंप्याकडे जाऊन दात दाखवून आले."

अण्णा हसले. मग काठी टेकत गाडीभोवती हळूहळू फिरले, खाली वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकाने चाक ठोकलं आणि थोरलीला बोलावलं. "हे बघ. टायरवरची रबराची लव अजून शाबूत आहे. डॉक्टर, गाडी वापरलेली म्हणताय की ठेवलेली?"

थोरली आत बसली. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता, चढावर चारही चाकांना जोर देणारा. म्हशीलाही तसाच होता. झिजून झिजून त्यावरची अक्षरं कधीच गेलेली. इथला अगदी नवा होता आणि त्याला एक कापडी पिशवी अडकवलेली होती.

"डॉक्टर, हा कधी वापरलाय?"

"तो ना? फार उपयोगी," डॉक्टर म्हणाले. "माझी डब्याची पिशवी त्यालाच असते."

थोरलीने पिशवी काढून त्यांच्या हातात दिली आणि दांडा मागे ओढला. तो हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तसा गाडीच्या पोटात कुठेतरी ठक्कन आवाज झाला आणि दांडा जागेवर बसला. डॉक्टरांनी दचकून पिशवी छातीशी धरली. "मोडलं का काही?"

"नाही. जागं झालं."

"मग चला," अण्णा म्हणाले. "चढवून बघू. पेट्या नकोत आज, नुसती माणसंच. मीही येतो उतऱ्यापर्यंत. तिथे खडकावर बसून राहीन, तुम्ही वर जाऊन या."

ते इतकं सहज म्हणाले, जणू तो खडक म्हणजे त्यांची घरातलीच खुर्ची. उतरा हे काही गाव नव्हे. डांबरी रस्ता संपून दगडांचा चढ जिथे सुरू होतो, तिथे एक सपाट खडक आहे. म्हैस तिथे थांबायची, अण्णा म्हणायचे "उतरा", आणि चालवणारा सोडून सगळं घर खाली उतरून पायी चढायला लागायचं, कारण पेट्या आणि माणसं दोन्ही तिला एकदम झेपत नसत. वर्षानुवर्षं हे चाललं आणि त्या जागेचं नावच उतरा पडलं. धाकट्याने तर शाळेत बाईंना नकाशात उतरा शोधायला लावला होता आणि सापडला नाही म्हणून नकाशा जुना आहे असं ठरवलं होतं. अण्णांचे गुडघे गेले तसे ते उतऱ्यापर्यंत यायचे, दिवसभर त्या खडकावर बसायचे आणि संध्याकाळी गाडी खाली आली की विचारायचे, "कसं होतं?" थोरली सांगायची. सांगून काय होणार?

*

चाकावर थोरली, तिच्या शेजारी अण्णा, मागे माई आणि धाकटा, आणि दोघांच्या मधे, स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखे आखडून बसलेले डॉक्टर. डांबरी रस्ता होता तोवर धाकटा बोलत होता. गाडी डिझेल किती पिते, तिचे सुटे भाग कुठे मिळतात, पिकअपचे कसे कोपऱ्यावर मिळतात.

"आणि विचार करा वहिनी, वर काही झालं तर? तिथे फोनसुद्धा लागत नाही. बरोबर की नाही, माई?"

"बरोबर बोलतोय तो," माई म्हणाल्या.

"अण्णा, तुम्ही काय म्हणता?" थोरलीने विचारलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "गाडी काही बोलत नाही गं ही. म्हैस कशी सतत तक्रार करायची, त्यावरून कळायचं काय चाललंय. हिचं पोट दुखलं तर कळणार कसं?"

हे बोलणं कुठल्या बाजूचं, ते थोरलीला कळलं नाही.

उतरा आला. रस्ता संपला, समोर तो दगडांचा चढ उभा राहिला आणि थोरलीने सवयीने ब्रेक दाबला. तिला काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात मागचे दोन्ही दरवाजे एकदम उघडले. धाकटा एका बाजूने उतरला, माई दुसऱ्या बाजूने. पुढे अण्णांनीही दार उघडलं, काठी बाहेर टेकवली आणि एक पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायला लागले. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

डॉक्टर मधल्या जागेवर एकटे उरले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "काय झालं? बंद पडली का?"

"नाही हो," धाकटा बाहेरून म्हणाला. "उतरा आला."

"कोण आला?"

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. "अहो, बसा सगळे! भाऊजी, बसा. ही म्हैस नाहीये. सगळ्यांना घेऊन चढेल ही."

धाकट्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जसं काही ते त्याला न विचारताच उतरले होते. "अरेच्चा," तो म्हणाला आणि दाराशी तसाच उभा राहिला. पण माई मागे वळल्याच नाहीत. त्या रस्त्याच्या कडेला गेल्या, वाकल्या, दोन-तीन दगड पायाने उलटवून पाहिले आणि त्यातला एक चांगला पाटीएवढा, एका बाजूने सपाट दगड उचलून कमरेवर घेतला. मग त्या गाडीच्या मागच्या चाकाशी येऊन उभ्या राहिल्या. थोरलीला हे आरशात दिसलं. गेली कित्येक वर्षं चढ सुरू झाला की आरशात हेच दिसायचं. गाडीमागून चालणाऱ्या माई आणि त्यांच्या कमरेवर दगड. गाडी अडली तर चाकामागे लावायला. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला आजवर वाटलं नव्हतं.

"माई, दगड टाका आणि आत या. भार झेपेल हिला."

"भार," माई म्हणाल्या. "भाराचं आम्ही पोरांना सांगायचो."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

माईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा एक पाय आत, एक पाय बाहेर असे अवघडून बसले होते. ते म्हणाले, "सांग आता. पोरं मोठी झाली."

"तू तान्हा होतास," माई धाकट्याला म्हणाल्या. "म्हैस नवीनच घेतलेली. सगळे गाडीतच होतो, तू माझ्या मांडीवर, थोरला मागे पेट्यांवर. त्या वळणावर सरकली ती मागे. सरकत सरकत कडेला गेली आणि एका झाडाला टेकून राहिली. म्हणून तू आज औषधं विकतोयस. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं. चढाला सगळं घर एका गाडीत घालायचं नाही. एकाने चालवायचं. गेली गाडी तर एकच जाईल, बाकीचं घर राहील."

डॉक्टर पिशवी घट्ट धरून ऐकत होते.

थोरलीचे हात चाकावरच होते. म्हणजे तो एक आधी अण्णा, आणि मग ती. आपल्या हाती गाडी दिली याचा तिला केवढा अभिमान होता, आणि त्या देण्यात काय काय होतं! पण मग तिला आरशातलं ते नेहमीचं चित्र आठवलं आणि काहीतरी जुळेना. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माई, मग तुम्ही चाकाला लागून का चालता? भाऊजी तर पार डोंगराच्या अंगाने, लांबून चालतात. गाडी मागे आली असती तर पहिल्या तुम्हीच सापडला असतात."

"मग काय करू?" माई जवळजवळ रागावून म्हणाल्या. "यांना एकट्याला जाऊ देऊ? आणि तुला? लेकीसारखी तू, तुला चाकावर बसवायचं आणि मी कडेकडेने फुलं बघत जाऊ होय?" त्यांनी दगड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतला. "म्हणूनच म्हणते, बास झालं. घ्या तो पिकअप. मला नाही आता हे दर वर्षी सोसत."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की चढावर आपण एकट्या असतो. सासूबाई पिकअपच्या बाजूच्या म्हणून ती आठवडाभर मनातून त्यांच्यावर रुसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या वाळक्या, खमक्या बाईपुढे हात जोडावेसे वाटले.

अण्णांनीच कोंडी फोडली. त्यांनी बाहेर काढलेला पाय दोन्ही हातांनी उचलून पुन्हा आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

"मी बसतो," ते म्हणाले.

"अहो!"

"अगं, चालणं तर जमत नाही. खडकावर बसून बसून तो खडकही झिजला. मला वर जायचंय. गेलो तर गुडघे तरी सुटतील."

"असं अभद्र बोलू नका."

"मग तू ये आत."

माई उभ्याच राहिल्या. त्यांनी चढाकडे पाहिलं, गाडीच्या रुंद चाकांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "तुला खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं थोरलीला क्षणभर वाटलं. "गाडीची आहे," ती म्हणाली. "माझी नाही. कुणी आत असताना मी हा चढ कधी चढलेच नाहीये, माई. मला भीती वाटतेय."

कुणास ठाऊक का, पण हे ऐकल्यावर माई आत आल्या. दगड मात्र त्यांनी टाकला नाही. तो मांडीवर घेऊन त्या डॉक्टरांच्या शेजारी, त्या गुळगुळीत चामडी सीटवर बसल्या. डॉक्टरांनी एकदा दगडाकडे आणि एकदा सीटकडे पाहिलं.

"आजी, दगड खाली ठेवला तर..."

"असू दे. मला जड होत नाही."

धाकटाही आत शिरला. डोळे मिटून घेत म्हणाला, "वहिनी, वर पोचलो की सांगा. नाही पोचलो तर सांगू नका."

*

थोरलीने आखूड दांडा मागे ओढला. या वेळी तो सहज आला. तिने क्लच सोडला आणि पायाला जे जे ठाऊक होतं ते करायला निघाली. आधी वेग घ्यायचा, मग धडक मारल्यासारखं पहिल्या पायरीवर चढायचं, म्हैस ओरडायला लागली की आणखी दाबायचं. पण धडक मारायची वेळच आली नाही. गाडीने पुढचं चाक पहिल्या दगडावर ठेवलं, दगड किती उंच आहे ते जणू चाचपून पाहिलं आणि वर आली. मग मागचं चाक. मग पुढचा दगड. घाई नाही, आरडाओरडा नाही. थोरलीने पाय हलकेच मागे घेतला. गाडी तरी चढतच राहिली.

"अगं, चालतेय ही," अण्णा पुटपुटले. "पळत नाहीये. माणसासारखी चालतेय."

वळण आलं. तेच वळण, जे माईंनी सांगितलं होतं. एका अंगाला सुटे गोटे, दुसऱ्या अंगाला काही नाही, नुसती हवा. आजवर इथे ती निर्धास्त असायची, कारण मागे पेट्याच असायच्या. आता अख्खं घर तिच्या पाठीमागे श्वास रोखून बसलं होतं, आणि तो रोखलेला श्वास तिला मानेवर जाणवत होता. एक मागचं चाक गोट्यांवर सुटलं, गाडी जराशी कडेला झुकली. माईंचा दगड डॉक्टरांच्या गुडघ्यावर आपटला. डॉक्टर "आई गं" म्हणाले आणि त्यांनी माईंचा हात पकडला. थोरलीने हातातलं चाक धरून ठेवलं, पाय हलवला नाही, देवाचं नाव घेतलं. सुटलेलं चाक थांबलं, बाकीच्या तीन चाकांनी ओढून घेतलं, आणि गाडी वळणावरून वर निघाली. खालची दरी मागे राहिली.

"ही माझी गाडी आहे?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. "हे हिला येत होतं?"

शेवटचा चढ संपला, काचेसमोर नुसतं आभाळ आलं, मग गाडीचं नाक खाली झालं आणि पठार दिसलं.

निळं होतं सगळं. दृष्टी पोचेल तिथवर, गवताच्या वर हातभर, दाट निळी फुलं, आणि ढगांच्या सावल्या सरकत तशी ती कुठे जांभळी होत, कुठे पांढुरकी. थोरली दर वर्षी पाहायची, तरी दर वर्षी तिला वाटायचं की गेल्या वेळी आपण नीट पाहिलं नव्हतं. आज तिने फुलांकडे पाहिलं नाही. अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा जबडा थरथरत होता आणि ते तो लपवायचा प्रयत्नही करत नव्हते.

आणि गाडी थांबते न थांबते तोच डॉक्टरांनी मागून वाकून, अगदी सवयीने, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अहो, बंद करू नका!"

घरचे चौघंही एकदम ओरडले. धाकटा तर डोळे मिटूनच ओरडला. डॉक्टरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. म्हैस वर बंद केली की पुन्हा सुरू होत नसे. पहिल्याच वर्षी एकदा अंधार पडल्यावर केली होती, आणि सगळ्यांना रात्रभर कुडकुडत बसावं लागलं होतं. तेव्हापासून वर पोचल्यावर पेट्या उतरवून खाली निघेपर्यंत तिला धडधडत ठेवायचं, हे उतऱ्याइतकंच पक्कं होतं.

"मला वाटलं डिझेल वाया जातंय," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "लावू का परत?"

"थांबा," अण्णा म्हणाले.

त्यांनी हात वर केला होता. सगळे थांबले.

आधी काहीच नव्हतं. मग वारा. मग वाऱ्याच्या खालून, जमिनीतून आल्यासारखं, एक गुणगुणणं. बारीक नव्हे, भरदार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठून सुरू झालं ते कळेना आणि कुठे संपतं तेही कळेना. थोरलीने दार उघडलं आणि तो नाद आत आला, सीटमध्ये, छातीत, दातांत. तिच्या अंगावर काटा आला.

"माश्या आहेत," धाकटा कुजबुजला. त्याने डोळे उघडले होते आणि भोवळ यायची विसरली होती. "पण आपल्या पेट्या तर घरी आहेत."

"आपल्या नाहीत या," थोरली म्हणाली. "इथल्याच आहेत. रानातल्या."

"इतक्या?"

इतक्या. एकेका फुलावर एकेक, आणि फुलं तर मोजण्यापलीकडची. वर्षानुवर्षं हे घर माश्या घेऊन पठारावर येत होतं आणि त्यांना वाटत होतं की इथे माश्या आपण आणतो. म्हशीच्या धडधडीखाली हे सगळं चाललेलं होतं आणि कुणी एकदाही ऐकलं नव्हतं.

"बाबा म्हणायचे," अण्णा हळूच म्हणाले. त्यांचे वडील पाठीवर पेट्या बांधून पायी यायचे. "बाबा म्हणायचे, पठार गातं म्हणून. मी म्हटलं, म्हातारा थापा मारतोय. तोंडावर म्हटलं मी त्यांना. पायी कधी आलोच नाही त्यांच्याबरोबर, मग गाडी घेतली आणि..."

माई उतरल्या. दगड सीटवरच राहिला. त्या फुलांच्या कडेपर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. थोरली त्यांच्यामागे गेली.

"मी दर वेळी आले गं," माई म्हणाल्या. "पण वर येईपर्यंत मला माझी धापच ऐकू यायची. मग पेट्या उतरवायच्या, मग पुन्हा खाली. डोळे कायम त्या चाकावर." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, यांना एवढं काय आहे या डोंगराचं? दगड आणि वारा."

*

डॉक्टर इतका वेळ गाडीच्या नाकाशी उभे होते. त्यांनी तिच्या करड्या पत्र्यावर हात ठेवला होता, घोडा थोपटावा तसा. धाकटा त्यांच्याजवळ जाऊन व्यवहाराचं बोलायला लागला तेव्हा ते घसा साफ करून म्हणाले, "खरं सांगू का? मला आता ही विकावीशी वाटत नाहीये."

घ्यायची की नाही, यावर आठवडाभर भांडण झालं होतं. द्यायची की नाही, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा उघड्या दारातून पठाराकडे बघत होते, त्यांना ऐकूही आलं नसावं. मग तिने, आठवडाभर पिकअप पिकअप करणाऱ्या धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता.

"असं कसं डॉक्टर?" धाकटा म्हणाला. "विकायची म्हणूनच तर आलात तुम्ही."

"हो, पण मला माहीतच नव्हतं ना, काय विकतोय ते."

"डॉक्टर." हे माईंनी म्हटलं. त्या फुलांतून झपझप चालत आल्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "तुम्ही एकटे हिला वर आणाल?"

डॉक्टरांनी मागे वळून, जिथे चढ संपला होता त्या कडेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "नाही हो. मरेन मी."

"आणि दवाखान्यासमोर उभी करून ठेवाल. शिंप्याकडे दात दाखवायला पाठवाल लोकांना. हिने काय पाप केलंय?" माईंनी कमरेवर हात ठेवले. "गाडी आमच्याकडे द्या. माझ्या सुनेसारखी हिला कुणी चालवणार नाही. आणि बहर आला की माझा धाकटा तुम्हाला फोन करेल. मधली जागा तुमची. दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही आम्ही."

डॉक्टरांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि माईंच्या हातावर ठेवली. ती देताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

"उद्या पेट्या आणू," धाकटा म्हणाला. "सगळ्या. लवकर निघू. वहिनी, मी येतो बरोबर." आणि मग घाईने, "डोळे मिटून."

ऊन कलायला लागलं तसे सगळे गाडीत येऊन बसले. कुणाला उतरून चालायचंय का असं कुणी विचारलं नाही. थोरलीने किल्लीला हात लावला आणि आत एकदम शांतता पसरली. इतक्या वर्षांचा धाक, तो काही एका दिवसात जात नाही. तिने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. धाकट्याने मोठ्याने श्वास सोडला, डॉक्टर अभिमानाने हसले, आणि इंजिनाच्या आवाजाखाली पठार पुन्हा मुकं झालं.

अण्णांनी सुनेच्या हातावर हात ठेवला. बोलल्या मात्र मागून माई.

"बंद कर गं," त्या म्हणाल्या. "यांनी अजून पोटभर ऐकलं नाहीये."

थोरलीने किल्ली मागे फिरवली, आणि पठार पुन्हा सुरू झालं.